गाडी बदलली, पण...

परवा एसटीने जळगावहून धुळ्याला जाताना जुनी फजिती आठवली. धुळ्याच्या एका शेठजींसाठी मी जँगोमध्ये केळीच्या गाड्यांचा हिशोब लिहून दिला होता. यादीचं पान उघडायला ६ सेकंद लागायचे. शेठजी वैतागले.

मी २०१३ साली सुरू झालेल्या टेकएम्पॉवरच्या चाचण्यांचे आकडे काढले. गोमधली फ्रेमवर्क्स जँगोच्या कितीतरी पुढे! झालं, दोन महिने खपून सगळं गोमध्ये लिहिलं. पान उघडलं साडेपाच सेकंदांत.

तेव्हा कुठे नीट मोजायला बसलो. डेटाबेस दूरच्या सर्व्हरवर होता. २०० गाड्यांची यादी आणायला एक फेरी, आणि मग प्रत्येक मालकाच्या नावासाठी वेगळी, अशा २०१ फेऱ्या! म्हणजे ट्रक सोडून एकेक घड हातात घेऊन धुळ्याला जाण्यातला प्रकार. गोमध्येही मी तेच उतरवलं होतं. जुन्या जँगोत 'सिलेक्ट रिलेटेड' घातलं, नावं यादीबरोबरच आली, पान अर्ध्या सेकंदात उघडलं.

चाचण्यांचे आकडे खोटे नव्हते हो. माझं दुखणंच वेगळं होतं. शेठजी खूश झाले, पण त्या दोन महिन्यांचे पैसे मागायला काही माझी जीभ रेटली नाही.