फाटलेला वारा : पुणे ते चाळकेवाडी

मोटरसायकलस्वाराला वारा दोन रूपांत भेटतो. एक सलग असतो, छातीवर सारखा दाब ठेवतो. दुसरा फाटलेला असतो, हेल्मेटला घटकेत डावीकडून, घटकेत उजवीकडून तडाखे देतो. पहिल्याने माणूस दमतो, दुसऱ्याने हैराण होतो. मान आखडते, नजर थरथरते, गाडीवरून उतरल्यावरही कानांत घोंगावत राहते. हा दुसरा वारा आभाळातून कमी आणि गाडीच्या व्हायझरवरून जास्त येतो. पुण्याहून साताऱ्यामार्गे चाळकेवाडीच्या पठारावर जाणारा रस्ता तो समजून घ्यायला सोयीचा आहे, कारण महामार्ग, नदीवरचा पूल, घाट आणि शेवटी पवनचक्क्यांचा माळ हे सारे त्यावर ओळीने येते. ऑगस्टात पावसाची उघडीप पाहून मी या रस्त्याने निघालो. गाडी चारशे सीसीच्या आसपासची, उंच बैठकीची. मूळ व्हायझर आखूड, आणि त्याच्या वरच्या कडेला चिमट्यांनी बसवलेली एक पारदर्शक जोडपट्टी.

कात्रजचा बोगदा ओलांडेपर्यंत या पट्टीचा प्रश्नच येत नाही. शहरातल्या वेगाला वारा फारसा जाणवत नाही. पुढे मात्र हिशेब झपाट्याने बदलतो, कारण वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ८० किलोमीटरवरून १०० वर गेले की तो दीडपटीहून जास्त होतो. दुभाजक असलेल्या चौपदरी रस्त्यावर दुचाकीसाठी केंद्राने २०१८ मध्ये ठरवलेली कमाल मर्यादा ८० आहे, पण समोरून २० चा वारा असेल तर हेल्मेटला लागणारा वारा १०० चाच असतो.

व्हायझरवर आदळलेली हवा वर चढते आणि वरच्या कडेशी आल्यावर काठ सोडते. काठापलीकडची हवा वेगात असते, व्हायझरमागची जवळजवळ थांबलेली. दोघींच्या सीमेवर भोवरे उठतात आणि मागे वाहत जातात. शिरवळला नीरेच्या भरल्या पात्रात पुलाच्या खांबांमागे दिसतात, तसेच. हेल्मेट या पट्ट्यात सापडले की डोके हलू लागते. शिवाय व्हायझरमागे दाब कमी झालेला असतो. ती उणीव भरून काढायला हवा फोर्कच्या फटीतून, टाकीच्या दोन्ही बाजूंनी वर येते, हनुवटीखाली शिरते आणि हेल्मेट उचलू पाहते.

म्हणूनच ‘उंच व्हायझर लावा, प्रश्न मिटला’ हा दुकानातला लाडका सल्ला अर्धाच खरा आहे. खूप आखूड व्हायझरवर भोवरे छातीशी विरतात आणि हेल्मेटला सलग वारा मिळतो. पुरेशा उंच व्हायझरवर ते डोक्यावरून जातात. सर्वांत वाईट उंची मधली. आखूड काच काढून मध्यम काच बसवणाऱ्याचा त्रास अनेकदा वाढतो तो यामुळेच. आपली स्थिती ओळखायला यंत्र लागत नाही. खेड-शिवापूरच्या पुढे रस्ता मोकळा मिळाला की फूटपेगवर भार देऊन किंचित उठावे, मग टाकीकडे थोडे वाकावे. कुठल्या उंचीवर आवाज एकदम बसतो ते लगेच कळते. उठल्यावर शांतता मिळाली तर काच त्या स्वारासाठी थोडी उंच आहे, वाकल्यावर मिळाली तर थोडी बुटकी. हे माप स्वाराच्या धडाच्या उंचीवर ठरते, त्यामुळे मित्राच्या गाडीवर छान चाललेली काच आपल्याला उपयोगी पडेलच असे नाही.

जोडपट्टीचे काम उंची वाढवण्याचे आहे असे दिसते, पण तिची खरी कमाई मधल्या फटीत आहे. मूळ काच आणि पट्टी यांच्यात बोटभर फट ठेवली की तिथून सुटलेली हवा व्हायझरमागची दाबाची उणीव थोडी भरते आणि भोवऱ्यांचा थर वर ढकलते. माझ्या गाडीवर फट बुजवून पट्टी काचेला चिकटवली की हेल्मेट जास्त हादरत होते. फट उघडून पट्टी मागे कलती केली की तोच आवाज एकसुरी, सोसण्याजोगा व्हायचा. जर्मनीची एमआरए, इटलीची जीव्ही, स्पेनची पुइग या कंपन्या अशा पट्ट्या करतात. ज्यांना पट्टी नको त्यांच्यासाठी कोन बदलणारे ब्रॅकेट असतात. ते अख्खा व्हायझर पुढे सरकवून त्याच्या खालीही वाट मोकळी ठेवतात. फोर्कच्या बाजूंना लावायचे डिफ्लेक्टर खालून येणारी हवा अडवतात. मात्र तीच हवा एप्रिल-मे महिन्यांत इंजिनाची धग वाहून नेते, हे ते विकत घेताना आठवत नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. कोन, उंची आणि फट एकदम हलवली तर काय लागू पडले ते कळत नाही. शेंडी असलेले ॲडव्हेंचर हेल्मेट वापरणाऱ्याने आधी ती शेंडी काढून पाहावी. ते फुकटात होते.

खंबाटकी घाटात वेग उतरतो आणि वाऱ्याचा विषय मागे पडतो. तिथे उंचीची दुसरी बाजू दिसते. व्हायझरला वायपर नसतो. काच डोळ्यांच्या वर गेली असेल तर पावसात, त्यात समोरून दिवे येत असतील तर, ओल्या प्लॅस्टिकमधून अंदाजाने पाहावे लागते. वरची कड नाकाच्या रेषेला ठेवली तर नजर तिच्यावरून जाते आणि वाराही बऱ्यापैकी उडतो.

साताऱ्यात चहाला थांबताना चिमट्यांचे स्क्रू हाताने तपासणे शहाणपणाचे, कारण एक सिलिंडरच्या इंजिनाची थरथर ते सैल करते. ते घट्ट राहावेत म्हणून लावतात तो थ्रेडलॉकर पॉलिकार्बोनेटला लागला तर काच तडकते. पेट्रोलच्या फडक्याने ती पुसणेही टाळावे. साधे पाणी आणि सौम्य साबण पुरतो.

साताऱ्याच्या बोगद्यातून बाहेर पडून सज्जनगडाचा पायथा आणि ठोसेघर मागे टाकले की चाळकेवाडीचे पठार लागते. हजार मीटरहून उंच, झाडोरा विरळ, पश्चिमेचा पावसाळी वारा अडवायला काही नाही. पवनचक्क्या इथे उगाच उभ्या नाहीत. इथे पट्टीचे गणित संपते. गाडी ताशी ४० ने जात असताना बाजूने ३० चा वारा आला, तर स्वाराला लागणारा एकत्रित वारा ५० चा होतो आणि तो समोरून नव्हे, सुमारे ३७ अंश कलून येतो. व्हायझर त्याला सामोरा नसतो. उलट रुंद काच हॅण्डलला जोडलेली असेल तर ती झोत पकडून चाक वळवू लागते. सांगाड्याला पक्की केलेली काच या बाबतीत बरी. मागची टॉप बॉक्स असलीच तर तिचीही भर पडते. हाती उरते ते वेग उतरवणे आणि मुठी सैल धरणे.

परतीला, महामार्गावर उत्तरेकडे तोंड असताना, हाच वारा डावीकडून येतो. गाडी नकळत डावीकडे कललेली असते. डाव्या लेनमधल्या ट्रकला (ट्रक डाव्या लेनमध्ये असतो असे क्षणभर मानू) ओलांडताना आधी त्याच्या मागचा विस्कटलेला वारा लागतो. मग त्याच्या आडोशाला वारा एकदम तुटतो आणि कललेली गाडी ट्रककडे ओढली जाते. केबिनच्या पुढे निघताच झोत परत येतो आणि तिला उजवीकडे लोटतो. म्हणून बाजूला येण्याआधीच लेनच्या उजव्या अर्ध्यात सरकून घ्यावे आणि ट्रकच्या लगत रेंगाळू नये.