कॉमानंतर एक, फुलस्टॉपनंतर दोन

‘कॉमानंतर एक स्पेस, फुलस्टॉपनंतर दोन.’ १९८४ साली टायपिंगचा क्लास लावला, तेव्हा सरांनी शिकवलेला हा पहिला नियम. पत्र्याच्या छपराखाली ओळीनं मांडलेली यंत्रं, रिबनच्या शाईचा वास, ओळ संपत आली की वाजणारी घंटी. सकाळी सातच्या बॅचला आम्ही ए-एस-डी-एफ बडवत असू.

आमच्या यंत्रावर उद्गारचिन्हाची कळच नव्हती. आधी ॲपोस्ट्रॉफी उमटवायचा, बॅकस्पेसनं एक घर मागं यायचं, मग त्याच्याखाली टिंब द्यायचं. एका चिन्हाला एवढा खटाटोप, त्यामुळे ‘इथं खरंच उद्गार आहे का?’ हा प्रश्न आपसूक पडायचा. चुकलं तर खालच्या कार्बन प्रतीही खोडाव्या लागत. म्हणून बोट कळीवर पडण्याआधी वाक्य मनात पुरं झालेलं असे.

‘पाऊस थांबला, आम्ही निघालो’ हे मराठीत छान वाटतं. इंग्रजीत मात्र अशी दोन वाक्यं नुसत्या कॉमानं जोडली की सर लाल पेन्सिलीनं गोल करत. “दोन्ही वाक्यं पुरी आहेत ना? मग फुलस्टॉप दे, नाहीतर सेमीकोलन. ‘अँड’ घाल हवं तर. एकट्या कॉमाला एवढं ओझं पेलत नाही.” ‘इट्स’मध्ये ॲपोस्ट्रॉफी कधी द्यायचा, याचीही त्यांची सोपी कसोटी होती: ‘इट इज’ किंवा ‘इट हॅज’ असं उलगडता आलं तरच द्यायचा, मालकी दाखवायची असेल तर नाही.

मोडीत शब्दसुद्धा न तोडता सलग लिहीत; कुठं थांबायचं ते वाचणाऱ्यानं ओळखायचं. मेजर कँडी यांनी इंग्रजीच्या धर्तीवरची विरामचिन्हं मराठीत रुजवली. सर म्हणत, “तेव्हापासून ही जबाबदारी लिहिणाऱ्यावर आली. वाचणाऱ्याला अडखळू द्यायचं नाही, हे आपलं काम.”

आता दोन स्पेस दिल्या की फोन स्वतःच फुलस्टॉप देतो. चुकलेलं चिन्ह मागमूस न ठेवता पुसता येतं. इंग्रजी लिहायला बिचकणाऱ्या मुलांना केवढा आधार आहे हा! आम्हाला तो मिळाला असता तर कितीतरी कागद वाचले असते. पण चिन्ह फुकट झालं आणि त्यामागचा विचारही सुटत चालला. आभारापुढे तीन-तीन उद्गारचिन्हं येतात. मी मेसेजच्या शेवटी पूर्णविराम दिला तर मुलगी विचारते, “बाबा, रागावलात का?” आणि लांबलचक इंग्रजी ईमेलात कुठं थांबायचं, ते पुन्हा वाचणाऱ्यानंच ओळखायचं.

सरांच्या लाल पेन्सिलीची किंमत मला २०१७ साली नव्यानं कळली. अमेरिकेतल्या मेन राज्याच्या कायद्यात, ओव्हरटाइम न मिळणाऱ्या कामांची यादी होती. तिच्या शेवटी ‘किंवा’च्या आधी कॉमा नव्हता. त्यामुळे मालाची ‘पाठवणीसाठी किंवा वितरणासाठी बांधाबांध’ हे एकच काम, की ‘बांधाबांध’ आणि ‘वितरण’ ही दोन, असा वाद झाला. ओकहर्स्ट डेअरीचे चालक दूध पोचवत, बांधाबांध करत नसत. अपील न्यायालयानं त्यांच्या बाजूनं निकाल दिला आणि पुढच्या वर्षी ५० लाख डॉलरवर तडजोड झाली. कोणतं काम अभिप्रेत आहे हे यंत्राला कसं कळणार? ते लिहिणाऱ्यालाच ठाऊक असतं.

परवा मुलीनं निवृत्त होणाऱ्या तिच्या बाईंना इंग्रजीत पत्र लिहिलं आणि मला दाखवलं. पाच उद्गारचिन्हं होती. मी चूक काढली नाही. आम्ही ते चिन्ह कसं उमटवायचो, तेवढं सांगितलं. ठोका, एक घर मागं, टिंब. ती थोडा वेळ पडद्याकडे बघत राहिली. मग एकेक करून चार खोडली.

“आणि पाचवं?”

“ते राहू दे, बाबा. ते मला खरंच म्हणायचंय.”