शेजारच्या पेशी

मामीचे रिपोर्ट हल्ली मीच वाचते. परवा सीडी-फोरचा आकडा ६४० आला. २००५ मध्ये तिची औषधं सुरू झाली तेव्हा तो १४० होता. निरोगी माणसात तो साधारण ५०० ते १५०० असतो. मी खूश होऊन आकडा सांगितला, तर तिने भलतंच विचारलं.

"अगं, तू मायक्रोबायोलॉजी शिकतेस ना? एक सांग. तुझ्या मामाचं शरीर लढायला कमी पडलं का गं?"

मामा २००३ मध्ये गेला. सरकारी केंद्रांत मोफत एआरटी सुरू झाली १ एप्रिल २००४ ला. मी तेव्हा लहान होते, मला तो फक्त फोटोतला आठवतो. आणि आठवतं ते आईचं वाक्य. भावाचा विषय निघाला की ती म्हणते, "त्याच्यात दमच नव्हता." मामी वीस वर्षं हे ऐकून गप्प बसलीय.

मी तिला बोटं दाखवली. आईच्या पोटात असताना या बोटांमध्ये पडदा असतो. तिथल्या पेशी ठरल्याप्रमाणे मरतात, म्हणून बोटं सुटी होतात. अशा मरणाला १९७२ मध्ये 'अपॉप्टोसिस' हे नाव मिळालं. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ गळून पडणं, झाडाची पानं गळतात तसं. पेशी आकसते, तिचे तुकडे होतात, आजूबाजूच्या पेशी ते गिळून टाकतात. कुठे बोभाटा नाही.

एचआयव्ही सीडी-फोर पेशींत वाढतो आणि त्यांना मारतो, इतकं सरळ असेल असं मलाही आधी वाटायचं. पण १९९५ मध्ये लसीका ग्रंथींच्या अभ्यासात दिसलं की मरणाऱ्या बहुतेक पेशींमध्ये विषाणू वाढतच नव्हता. मरत होत्या त्या शेजारच्या.

असं का, याचं एक मोठं कारण २०१४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या ग्लॅडस्टोन संस्थेतल्या वॉर्नर ग्रीन यांच्या गटाने दाखवलं. त्यांनी माणसाच्या टॉन्सिल आणि प्लीहेतल्या पेशी वापरल्या. विसावलेल्या पेशीत विषाणू शिरतो, स्वतःचा डीएनए बनवायला घेतो आणि ते काम अर्धवट राहतं. पेशीतलं एक पहारेकरी प्रथिन हा अर्धवट डीएनए ओळखतं. मग कॅस्पेज-१ नावाचं विकर जागं होतं आणि पेशी फुटते. हा पायरोप्टोसिस. हेही ठरलेलंच मरण, पण आरडाओरडा करत आलेलं. दाह वाढवणारी रसायनं बाहेर सांडतात, त्या हाकेला आणखी सीडी-फोर पेशी धावून येतात आणि त्यांचीही तीच गत होते. त्या प्रयोगांत मरणाऱ्या पेशींपैकी ९५ टक्क्यांहून जास्त पेशी अशा होत्या. विषाणू खरोखर वाढवणाऱ्या आणि अपॉप्टोसिसने मरणाऱ्या पेशी थोड्याच.

पश्चिम आफ्रिकेतल्या सूटी मँगबे माकडांत एचआयव्हीच्या नात्यातला विषाणू भरपूर असतो, तरी ती सहसा आजारी पडत नाहीत. त्यांचं शरीर सुरुवातीची खळबळ लवकर शांत करतं.

"म्हणजे लढणं कमी नाही पडलं?" मामी म्हणाली.

"नाही मामी. पेशी आपल्या परीने शरीराला वाचवायलाच मरत होत्या. फक्त त्याने आग आणखी पसरत होती. तुझी गोळी विषाणूला नवा डीएनए बनवू देत नाही. शिरकाव थांबला की हाकाही कमी होतात आणि पेशी हळूहळू भरून येतात. मामाला दम नाही, ही गोळी मिळाली नाही."

मामी बराच वेळ काही बोलली नाही. रात्री नऊचा गजर वाजला तशी उठली, गोळी घेतली, तांब्या जागेवर ठेवला.

"हे मला सांगितलंस ते बरं झालं," ती म्हणाली. "आता तुझ्या आईला सांग. तिचाही भाऊच होता तो."

आईला फोन लावायला मला आणखी दोन दिवस लागले. बोलणं संपल्यावर तीही बराच वेळ गप्प होती. मग तिने एवढंच विचारलं, "मामीचा आकडा किती आला म्हणालीस?"