दोन सीटांची गाडी

धाटावच्या औद्योगिक वसाहतीच्या रस्त्यावर टँकर, ट्रक, कंपन्यांच्या बसगाड्या आणि शिफ्टला जाणाऱ्यांच्या मोटारसायकली यांच्याखेरीज फारसे काही दिसत नाही. २०१३ च्या जानेवारीत त्या रस्त्यावर आम्ही एक लाल, बुटकी, दोन सीटांची गाडी घेऊन आलो तेव्हा नाक्यावरच्या चहावाल्याने हातातली किटली खाली ठेवली.

"कोणाची ही?"

"आमचीच," आम्ही म्हणालो.

"आणि बाकीची माणसं?"

आमच्या घरात तेव्हा आठ माणसे होती. चहावाल्याचा प्रश्न बरोबर होता. पुढे नऊ वर्षे तोच प्रश्न आम्हाला मोहल्ल्यात, लग्नात, मशिदीच्या पायरीवर आणि कंपनीच्या कँटीनमध्ये विचारला गेला. उत्तर आम्ही हसून टाळत आलो. आज ते लिहावेसे वाटते.

आम्ही म्हणजे दोघे भाऊ. एक केमिकल कारखान्यात ऑपरेटर, दुसरा दुसऱ्या कारखान्यात फिटर. आमचे अब्बा कुवेतमध्ये ड्रायव्हर होते. कोकणातल्या मुसलमान घरांना ही गोष्ट नवी नाही. प्रत्येक आळीत एक-दोन तरी असे ड्रायव्हर निघतात. अब्बा १९८८ साली गेले. २ ऑगस्ट १९९० रोजी इराकने कुवेत घेतले, तेव्हा अम्मान गाठून तिथून एअर इंडियाच्या विमानाने अंगावरच्या कपड्यांनिशी परतले. १९९२ मध्ये पुन्हा गेले आणि २०१२ पर्यंत राहिले.

ते एका घराचे ड्रायव्हर होते. तिकडे घरच्या ड्रायव्हरचा व्हिसा घरकामगारांच्याच वर्गात येतो. मुलांना शाळेत सोडायचे, बाईंना बाजारात न्यायचे, मोठ्या साहेबांना दिवाणखान्यांच्या बैठकींना पोचवायचे. रोज रात्री प्रत्येक गाडीचा मीटर वहीत लिहून साहेबांच्या मुलाला दाखवायचा. सकाळचा आकडा, रात्रीचा आकडा, कुठे गेली, किती पेट्रोल. दहा किलोमीटर जास्त निघाले तरी विचारणा होई. त्या घरात साहेबांच्या मुलाची एक दोन सीटांची गाडीही होती. ती रोज धुणे, पुसणे आणि कधी सर्व्हिसिंगला नेऊन आणणे, एवढाच अब्बांचा तिच्याशी संबंध. सुट्टीवर आले की ते तिच्याविषयी बोलत. वेगाविषयी नव्हे, ती वळणावर कशी बसते, दार बंद झाल्यावर कसा आवाज येतो, याविषयी.

लहानपणी आम्हाला वाटायचे, अब्बा एक दिवस ती गाडी घेऊनच येतील. पुढे कळले की तसे होण्यासारखे नव्हतेच. आपल्याकडच्या आयातीच्या नियमांप्रमाणे वापरलेली गाडी तीन वर्षांपेक्षा जुनी चालत नाही आणि तिचे स्टिअरिंग उजवीकडे असावे लागते. आखातातल्या गाड्यांचे स्टिअरिंग डावीकडे. आणि पैशांचा प्रश्न तर या दोन्हींच्या आधीचा.

२०१२ मध्ये अब्बा कायमचे परत आले. अंगणातल्या खुर्चीवर बसून रस्त्यावरचे टँकर मोजू लागले. वीस-बावीस वर्षे गाड्या चालवलेल्या माणसाच्या नावावर एक सायकलसुद्धा नव्हती. तेव्हा आम्ही दोघांनी गुपचूप शोध सुरू केला.

१९९८ साल आठवून पाहा. त्या वर्षी सँट्रो आली, मॅटिझ आली, वर्षअखेरीस टाटांची इंडिका आली. आमच्या रोह्यापुरते बोलायचे तर त्याच वर्षीच्या २६ जानेवारीपासून रोहा ते मंगळूर अशी संपूर्ण कोकण रेल्वे धावू लागली. सगळा देश चार माणसांच्या कुटुंबाची गाडी शोधत होता आणि त्याच वर्षी गोव्यात एका कंपनीने दोन सीटांची स्पोर्ट्स गाडी काढली. तिचे नाव सॅन स्टॉर्म. अंग फायबर ग्लासचे, आत रेनॉचे ११४९ सीसीचे पेट्रोल इंजिन, ताकद साठ अश्वशक्तीच्या आसपास. परदेशी स्पोर्ट्स गाड्यांपुढे हा आकडा लहानच. पण गाडी अंगाने हलकी, जमिनीला टेकलेली आणि छत उघडणारी. ती फारशी खपली नाही. पुढे कंपनीने ती बनवणे बंद केले. म्हणूनच ती आमच्या आवाक्यात आली.

मडगावला एक निवृत्त शिक्षक ती विकत होते. गाडी २००१ ची, मीटरवर १,३८,४६० किलोमीटर. आमच्या ओळखीच्या मिस्त्रीने फोनवरच सांगितले, "एवढी पळालेली गाडी घेऊ नका. चाळीस-पन्नास हजारांची बघा." आम्हाला चाळीस हजार सांगणारी एक गाडी मुंबईकडे मिळालीही. पण तिच्या क्लचच्या पायपट्टीचे रबर झिजून गुळगुळीत झाले होते, स्टिअरिंग हाताच्या घामाने चकचकीत झाले होते, ड्रायव्हरच्या बाजूच्या सीटची कड फाटली होती आणि दार उघडले की बिजागरीवर खाली बसत होते. चाळीस हजारांत गाडी अशी होत नाही. जुन्या गाड्यांचा मीटर केबलवर चालतो. त्याच्या चकत्या मागे फिरवणाऱ्याला अर्धा तास लागतो. नव्या गाड्यांत आकडा चिपमध्ये असतो, तो लॅपटॉप लावून बदलतात. पण पायपट्टीचे रबर कोणी मागे फिरवू शकत नाही.

मडगावच्या गुरुजींनी आम्हाला आधी चहा दिला आणि मग एक वही दिली. त्यांची कोंकणी आणि आमची कोकणी यांत नावापलीकडे साम्य कमीच. तरी वहीतले सगळे समजले. आठ-नऊ वर्षे ते मडगावहून काणकोणला याच गाडीने नोकरीला जात होते. कुठल्या तारखेला, किती किलोमीटरवर तेल बदलले, टायमिंग बेल्ट कधी टाकला, रेडिएटरचा पंखा कधी जळला, सगळे लिहिलेले. मिस्त्रीने शिकवल्याप्रमाणे आम्ही थंड इंजिन सुरू करून मागे उभे राहिलो. निळा धूर म्हणजे ऑइल जळते, पांढरा धूर राहिला तर पाणी आत जाते, काळा म्हणजे पेट्रोल जास्त. धूर जवळजवळ नव्हताच. आम्ही एक लाख पंचावन्न हजारांत गाडी घेतली. व्याजाचे कर्ज काढलेले अब्बांना चालले नसते, म्हणून ओव्हरटाइमचे पैसे आणि भिशी यांतून ते जमवले होते.

येताना साडेचारशे किलोमीटरच्या आसपास रस्ता. सावंतवाडी, कणकवली, हातखंबा, परशुराम घाट, कशेडी घाट. कोलाडला डावीकडे वळलो तेव्हा आमची कंबर आणि मान दोन्ही धरले होते, आणि आम्ही दोघेही वेड्यासारखे हसत होतो.

अब्बांनी गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या. बॉनेट उघडून पाहिले. मग आत बसून सीट पुढे घेतली, आरसा नीट केला आणि आरशात बघत थांबून राहिले.

"काय झालं, अब्बा?"

"काही नाही. सवयीनं मागं बघितलं. मागं सीटच नाही." थोड्या वेळाने म्हणाले, "म्हणजे साहेब पण नाही."

मग गाडी सुरू करून ते एकटेच गेले. आम्हाला बसा म्हणालेसुद्धा नाहीत.

कागदपत्रांचे काम दीर्घ होते. गोव्याच्या आरटीओचे ना हरकत प्रमाणपत्र, मालकी बदलण्याचे फॉर्म २९ आणि ३०, महाराष्ट्राचा रोड टॅक्स, मग पेणच्या आरटीओकडून एमएच-०६ चा नवा नंबर. नोंदणीचे कार्ड हातात आले तेव्हा अब्बांनी चष्मा काढून, पुसून, पुन्हा लावला आणि मालकाच्या रकान्यातले आपले नाव वाचले. कार्ड त्यांनी पासपोर्ट ठेवायच्या पिशवीत ठेवले.

मालकी म्हणजे काय, हे आम्हाला पुढच्या पावसाळ्यात समजले. छताचे कापड गळू लागले आणि सीटखाली पाणी साचले. स्पीडब्रेकरवर गाडीचे पोट घासले. पुढचा बंपर एका टेम्पोने फोडला. तो रेवदंड्याकडे होड्यांना फायबर लावणाऱ्या कारागिराने असा जोडला की जोड सापडत नव्हता. सुटे भाग रोह्यात मिळणे शक्यच नव्हते. गुरुजी मडगावहून कुठून तरी शोधून ते खासगी बसच्या डिकीतून पाठवत आणि आम्ही पहाटे कोलाडला जाऊन उतरवून घेत. फायबर गंजत नाही, पण खालचा सांगाडा पोलादाचा. इथली दमट हवा आणि केमिकलचा वास, दोन्ही पोलादाला मानवत नाहीत. २०११ पासून चाललेल्या महामार्गाच्या रुंदीकरणात सुकेळी खिंडीच्या बाजूला जे खड्डे होते, त्यांतल्या एकाने पुढच्या डाव्या चाकाजवळ सांगाड्याला तडा गेला. तो वेल्डिंग करून घेतला. २०१६ मध्ये पंधरा वर्षे झाली म्हणून पेणला पुन्हा तपासणी, पर्यावरण कर. २०२१ मध्ये पुन्हा तेच.

आम्ही दोघे खर्चाने कुरकुरायचो. आईला तर गाडी मुळीच आवडत नसे. "जमिनीवर बसल्यासारखं वाटतं, आणि उतरायला दोघांनी ओढावं लागतं," असे ती म्हणे. पण आठवड्यातून तीन-चार वेळा पहाटेची नमाज झाली की अब्बा गाडी काढत. धाटाव ते कोलाड, तिथे कुंडलिकेच्या पुलाजवळ जरा थांबणे, आणि परत. चाळीसच्या वर काटा जात नसे. आल्यावर वहीत लिहीत: तारीख, मीटर, पेट्रोल. गुरुजींच्या अक्षराखाली अब्बांचे अक्षर सुरू झाले होते. वही दाखवायला कोणी नव्हते, तरी लिहीत.

२०२१ च्या हिवाळ्यात एका पहाटे ते पाच मिनिटांतच परत आले. रात्रपाळी सुटलेला एक कामगार सायकलवरून डावीकडून आला आणि तो त्यांना दिसलाच नाही. तो वाचला, खरचटलेही नाही. डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. यात डोळ्यातला दाब वाढून कडेची नजर हळूहळू जाते, आणि गेलेली परत येत नाही. अब्बांनी त्याच दिवशी किल्ली आमच्या हातात दिली. आम्ही काही बोलण्याआधीच त्यांनी ते ठरवले होते.

पुढच्या वर्षी घरातल्या एका मुलीच्या नर्सिंगच्या प्रवेशासाठी पैसे लागले. गाडी विकायचे ठरले. तेव्हा जे झाले ते सांगायला आम्हाला आजही जड जाते. दलाल आला, त्याने मीटर पाहिला, १,६७,९१२. म्हणाला, "हा आकडा बघून गिऱ्हाईक पळेल. साठ हजारांवर आणून देतो, दोन हजार द्या. आणि वेल्डिंगचं बोलू नका, वरून फायबर आहे, दिसत नाही." आम्ही त्याला नाही म्हणालो नाही. "बघू" म्हणालो. विक्रीच्या मालातला दोष झाकू नये, हे लहानपणी मदरशात आम्ही दोघांनीही ऐकले होते. तरी त्या रात्री आम्ही वही कपाटात कपड्यांखाली सरकवली. का, हे एकमेकांना विचारलेही नाही.

माणगावकडचा एक तरुण गाडी बघायला आला. एक लाख दहा हजारांना तयार झाला. मीटरला अजून कोणी हात लावला नव्हता; दलाल म्हणाला होता, आधी पसंत पडू दे. अब्बा खुर्चीवरून म्हणाले, "वही आणा."

आम्ही एकमेकांकडे पाहिले. "सापडत नाही, अब्बा."

अब्बा थोडा वेळ गप्प राहिले. "वीस वर्षं दुसऱ्याच्या गाडीचा मीटर लिहून दिला. कधी एक किलोमीटर इकडचा तिकडे नाही केला. आता माझी गाडी आहे, तर खोटं लिहू?" आवाज चढलेला नव्हता. त्यांना कोणी काही सांगितलेले नव्हते. दलालाचे बोलणे अंगणापर्यंत ऐकू गेले असावे.

धाकट्याने वही आणली. त्या तरुणाने ती पहिल्या पानापासून वाचली. वेल्डिंगचे पान आले तेव्हा अब्बांनी त्याला स्वतः वाकायला लावून तो जोड हाताने चाचपायला लावला. सौदा पंचाहत्तर हजारांवर आला. दलाल चहा न घेताच निघून गेला. उरलेल्या पैशांसाठी आम्ही पुन्हा भिशीतला नंबर मागितला, आणि प्रवेश एकदाचा झाला.

गाडी नेण्याआधी अब्बांनी वही मागितली. नजर कमी झाल्याने अक्षर ओळीखाली उतरले होते. तारीख, मीटर, आणि पुढे लिहिले: "ऑइल बरोबर आहे. डाव्या चाकाजवळचा जोड दर पावसाळ्यानंतर बघणे." मग सहीसाठी जागा नसतानाही खाली आपले पूर्ण नाव लिहिले.

तो तरुण अजूनही वर्षातून एकदा फोन करतो. पावसाळा संपला की.