आमच्या नावाची पावती



आमच्या नाट्यमंडळाच्या लोखंडी पेटीत दाढीमिशा, रंगाचे डबे आणि नाटकाच्या वह्या यांच्यासोबत एक पावती जपून ठेवलेली आहे. कोल्हापूरच्या केशवराव भोसले नाट्यगृहाच्या भाड्याची ती पावती. कागद पिवळा पडला, शाई फिकी झाली. पण तिच्यावरचे आमच्या मंडळाचे नाव अजून वाचता येते.

आम्ही सारे उद्यमनगरातल्या फाउंड्रीचे कामगार. दिवसभर हाताला मोल्डिंगची काळी माती आणि रात्री त्याच हातात नाटकाची वही. तालीम चालायची शाळेच्या व्हरांड्यात. पडदा शिवला तो घरच्या बायामाणसांनी, जुनी लुगडी जोडून.

पहिला प्रयोग आम्ही परगावच्या एका खाजगी सभागृहात करायचे ठरवले होते. तिथल्या व्यवस्थापकाने आमची आडनावे विचारली, आमच्या नखांतली काजळी पाहिली आणि 'तारीख शिल्लक नाही' असे सांगून टाकले. त्या तारखेला आमच्यातला एक जण मुद्दाम जाऊन पाहून आला. सभागृहाला कुलूप होते.

मन खट्टू झाले. मग धीर करून आम्ही केशवराव नाट्यगृहाच्या कचेरीत गेलो. अर्ज लिहिला, अनामत भरली, भाडे मोजून दिले. समोरच्या माणसाने वही पाहिली, तारीख लिहिली आणि पावती फाडून हातात दिली. आडनाव वाचून त्याची भुवई वर गेली नाही. त्या पावतीने आमच्यावर उपकार केला नव्हता, आम्हाला हक्क दिला होता. म्हणून ती अजून जपली आहे.

हे नाट्यगृह राजर्षी शाहू महाराजांनी १९१५ साली उभे केले. तेव्हा त्याचे नाव पॅलेस थिएटर. शेजारीच १९१२ चे खासबाग कुस्ती मैदान. मल्ल आणि नट अशा दोघांचीही काळजी वाहणारा तो राजा होता. अल्लादियाखाँसारखे गवई आणि आबालाल रहमान यांच्यासारखे चित्रकार त्यांच्या आश्रयाने कोल्हापुरात राहिले. ज्यांचे नाव पुढे नाट्यगृहाला दिले गेले ते केशवराव भोसले याच मातीतले. त्यांनी १९०८ साली ललितकलादर्श मंडळी काढली आणि १९२१ साली, अवघ्या ३१ व्या वर्षी ते गेले.

परंतु राजाश्रय कितीही थोर असला तरी तो एका माणसाच्या मनावर अवलंबून असतो. शाहू महाराज सगळ्यांच्या नशिबी येत नाहीत. पुढे हे नाट्यगृह महापालिकेकडे आले, म्हणजेच कर भरणाऱ्या प्रत्येक नागरिकाचे झाले. राज्य नाट्य स्पर्धेत उतरणाऱ्या हौशी संघांचे पाय इथल्याच रंगमंचावर थरथरले आणि इथेच स्थिरावले. नगराने कलावंताला मदत करायची म्हणजे काय करायचे? शाल-श्रीफळ देऊन फोटो काढायचा? आम्हाला वाटते, त्याला परवडेल अशा भाड्यात रंगमंच द्यावा, तालमीला जागा द्यावी, दिवे आणि आवाजाची यंत्रणा धड ठेवावी आणि तारखेच्या वहीत सर्वांना सारखी ओळ द्यावी.

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री या नाट्यगृहाला आग लागली. आमच्यातल्या एकाचा मुलगा दुसऱ्या पाळीहून परतताना ज्वाळा पाहून धावत घरी आला. आम्ही पोहोचलो तेव्हा छत पेटलेले होते. लाकडी रंगमंच गेला, खुर्च्या गेल्या, उरल्या त्या दगडी भिंती. दुसऱ्या दिवशी ९ ऑगस्ट, केशवरावांची जयंती. हार घेऊन यायचे त्या दिवशी कलावंत तिथे उभे राहून रडत होते. आम्हीही त्यांच्यात होतो. भट्टीसमोर जन्म काढलेली माणसे आम्ही, आगीला कधी भ्यालो नाही. पण त्या दिवशी राखेकडे पाहवेना.

शासनाने निधी जाहीर केला, पुनर्बांधणीचे काम हाती घेतले गेले. आनंद आहे. पण भिंती आणि छप्पर उभे करणे हे अर्धेच काम. वीजवाहिन्यांची तपासणी, आग विझवण्याची साधने, दरवर्षीची देखभाल ही न दिसणारी कामे वेळच्या वेळी झाली पाहिजेत. आणि नवी यंत्रणा आली म्हणून भाडे असे वाढू नये की कामगारांचे मंडळ दारातूनच परत फिरेल. तसे झाले तर नाट्यगृह उभे राहील, पण आमच्यासाठी ते जळालेलेच राहील.

बंधू-भगिनींनो, आपल्या गावातही नगरपालिकेचे सभागृह असेल. त्याची दरपत्रके विचारा, तुटलेल्या खुर्च्यांबद्दल अर्ज करा, मुलांना घेऊन नाटकाला जा. जे आपले आहे त्याची विचारपूस आपणच करायची असते.

आमची मुले आता नाटक बसवत आहेत. आम्ही त्यांना पेटीची किल्ली दिली आहे आणि एवढेच सांगितले आहे की, जुन्या पावतीशेजारी नवी ठेवायला जागा आहे.