उलटा फेरा

सरळ वागावे, सरळ बोलावे, सरळ चालावे, असे मी पस्तीस वर्षे वर्गात मुलींना सांगत आले. मास्तरणीच्या जिभेला ही सवयच लागते. वळणे घेत बोलणारा माणूस आपल्याला लबाड वाटतो. पण बासष्टाव्या वर्षी माझा उजवा खांदा गोठला आणि मला कळून चुकले की, आपण ज्याला सरळ म्हणतो, त्यातले पुष्कळसे वळूनच साधलेले असते.

फळीवरचा डबा काढायचा, तर हात सरळ वर जातो असे आपल्याला वाटते. तो तसा जात नाही. वर जाता जाता दंडाचे हाड आपल्या खोबणीत स्वतःभोवती फिरते; ते फिरले नाही, तर हात अर्ध्यावरच अडतो. माझे नेमके हे फिरणेच बंद पडले होते. वेणी घालता येईना, पोलक्याचा मागचा बंद लावता येईना. पाठीला खाज सुटली, तर दाराच्या चौकटीचा आसरा घ्यावा लागे. डॉक्टर म्हणाले, "मधुमेह असलेल्यांना हे अधिक होतं. वर्ष लागेल, दोन लागतील. पण हात हलवत राहा."

हलवून घ्यायला घरातच माणूस होते. जालना हे लोखंडी सळयांचे आणि बी-बियाण्यांचे गाव. माझा मुलगा सळयांच्या कारखान्यात नोकरीला आहे आणि त्याच्यामागोमाग पुण्याहून आलेली माझी सून पिलाटीस नावाचा व्यायाम शिकवते. म्हणजे मुलगा सळया सरळ करतो आणि सून माणसांच्या सळया वाकवते, असा आमच्या घरचा हिशेब. माडीवरच्या खोलीत तिने सतरंज्या अंथरल्या आहेत आणि संध्याकाळी गल्लीतल्या सात-आठ बायका तिथे येतात. माझी माय परतूरकडच्या खेड्यातून डोळ्याच्या ऑपरेशनसाठी आली, ती इथेच राहिली. पंच्याऐंशी वर्षांच्या माझ्या मायने त्या व्यायामाचे नाव 'पितळी' असे ऐकले आणि ते तसेच कायम केले. "झाली का गं तुमची पितळी?" असे ती रोज विचारते.

हा पिलाटीस म्हणजे एक माणूस होता, हे मला सूनबाईकडून कळले. जोसेफ पिलाटीस. १८८३ साली जर्मनीत जन्मला. लहानपणी तब्येतीने किरकोळ, म्हणून व्यायामाच्या नादी लागला. पहिल्या महायुद्धात इंग्लंडमध्ये असताना शत्रूच्या देशाचा म्हणून त्याला छावणीत डांबले गेले. तिथे त्याने आपली पद्धत घोटली. १९२६ मध्ये तो न्यूयॉर्कला गेला आणि नर्तक-नर्तकींच्या दुखऱ्या पाठी नि गुडघे सरळ करू लागला. १९६७ मध्ये वारला तोवर तो हेच करीत होता. आपल्या पद्धतीला तो 'कंट्रॉलॉजी' म्हणे. ताब्याचे शास्त्र. पोट आत, कणा लांब, श्वास ठरलेला, आणि थोडेच पण नेमके करायचे.

मला ही शिस्त मनापासून आवडली. माझे वडील रोज सूर्यनमस्कार घालीत. समर्थ रामदासांचे जन्मगाव जांब आमच्या भागातलेच. तेव्हा नमस्कार न घालणे म्हणजे त्यांना गावाशी बेइमानी वाटे. अंगणात पूर्वेला तोंड करून पुढे वाकणारी आणि मागे झुकणारी त्यांची सावली मला अजून दिसते. पण आता खांद्याच्या निमित्ताने विचार करू लागले, तेव्हा लक्षात आले की, एवढ्या पूर्ण व्यायामात पुढे आहे, मागे आहे, पण डावी-उजवीकडे वळणे म्हणून नाही. शाळेतली कवायतही तशीच. वळायचे ते 'दाहिने मूड' म्हटल्यावर, खटकन, सबंध ठोकळ्यासारखे. तालमीत जोडी फिरवणारे पैलवान सोडले, तर गोल फिरणे हे आमच्याकडे पोरींचे काम. नागपंचमीला फेर धरायचा, फुगडी घालायची, आणि चक्कर आली की हसत बसायचे. तो व्यायाम आहे, असे कुणी म्हटले नाही.

सूनबाईच्या मते पिलाटीसच्या मूळ व्यायामातही वळणे आहेत. उताणे निजून एक पाय आढ्याकडे उचलायचा आणि त्याने हवेत वर्तुळ काढायचे; पाच वेळा एका बाजूने, पाच वेळा दुसऱ्या. अट एकच, खाली कंबर हलता कामा नये. दुसरा 'करवत' नावाचा. पाय फाकून बसायचे, धड वळवायचे आणि उजव्या हाताची करंगळी डाव्या पायाच्या करंगळीपलीकडे न्यायची. ओले लुगडे पिळावे तसा त्या वेळी फुप्फुसातला सगळा श्वास पिळून काढायचा. पण एवढ्यावर तिचे समाधान नव्हते. रुमानियाहून अमेरिकेत गेलेला जुलियू होर्वाथ नावाचा एक बॅले नर्तक आहे. नाचताना दुखापत झाल्यावर त्याने १९८० च्या सुमारास वर्तुळे आणि मळसूत्री वळणे यांवरच उभी केलेली एक पद्धत काढली. तिच्यातले काही तिने आपल्या वर्गात आणायला सुरुवात केली होती. त्यासाठी चार स्टुले मांडली होती आणि त्यातले एक माझे होते.

स्टुलावर बसायचे, तळवे गुडघ्यांवर ठेवायचे. छाती पुढे काढून कण्याची कमान करायची, मग पोट आत ओढून पाठ गोल करायची. इथवर मला जमले. मग म्हणे या दोन्हींच्या मधून बाजूने जायचे, म्हणजे डोके हवेत वर्तुळ काढील. आणि शेवटी बसल्या जागी दोरीला पीळ पडतो तसे खालून वर वळत जायचे. मी खांदा फिरवू लागले आणि कळ मस्तकात गेली.

"आई, खांदा नका वळवू," सूनबाई म्हणाली. "वळण खालून येऊ द्या."

मग तिने हिशेब सांगितला. कमरेच्या पाच मणक्यांना मिळून जेमतेम दहा अंशांच्या आसपास वळता येते. पाठीच्या बारा मणक्यांना त्याच्या तिपटीने. मानेचे निम्मे वळणे तर अगदी वरच्या दोन मणक्यांमध्येच होते. पाठीने आपला वाटा उचलला नाही, तर सगळा भार मानेवर, कमरेवर आणि खांद्यावर येतो. पोटाचे स्नायूही सरळ नसतात. एका बाजूच्या फासळ्यांकडून दुसऱ्या बाजूच्या कमरेकडे तिरपे उतरतात, पदर घ्यावा तसे. हे सगळे मला पटले. मुलींना भूमिती शिकवलेली मी. पण पटणे वेगळे आणि वळणे वेगळे. आठ दिवस मी स्टुलावर सळईसारखी बसून राहिले.

नवव्या दिवशी माय कठड्याला धरून माडीवर आली. खाटेवर टेकून बराच वेळ बघत होती. मग म्हणाली,

"काय करायलीस गं माय? दळायलीस का?"

बायका हसल्या. मी चिडून म्हटले, "हो, दळतेय."

"मग असं नसतंय. हातानं नसतंय वढायचं. हात निस्ता खुंट्याला धरलेला. कमरेनं वढायचं असतंय."

ती खाटेवरच एक पाय लांब करून, दुसरा दुमडून बसली. दोन्ही हातांची मूठ मोकळ्या हवेत धरली आणि फिरवू लागली. पुढे झुकली, बाजूने गेली, मागे आली, पुन्हा पुढे. तिचे खांदे स्वस्थ होते. हलत होते ते खालचे, बैठकीचे. हात नुसते त्याच्यामागे जात होते. सूनबाई सतरंजीवर मांडी घालून बघतच राहिली. जे ती आठ दिवस सांगत होती, ते पंच्याऐंशी वर्षांच्या अंगात आयते बसलेले होते.

मीही खाली बसले. एक पाय लांब केला, मूठ धरली आणि मायच्या फेऱ्याबरोबर फिरू लागले. चौथ्या-पाचव्या फेऱ्याला माझा खांदा, मी त्याला काही न सांगता, सहा महिन्यांत गेला नव्हता तिथवर गेला. डोळ्यांत पाणी आले. या वेळी ते कळेमुळे नव्हते.

मग काय विचारता! मास्तरीण जागी झाली. मी सांगून टाकले की, बघा, आपल्याकडे हे होतेच. मुंगेरच्या स्वामी सत्यानंदांच्या योगाच्या पुस्तकात तर 'चक्कीचालन' नावाचा व्यायामच आहे, पाय पसरून जाते ओढल्यासारखा. तिकडे नर्तकाला दुखापत व्हावी लागली, आणि आमच्या बायका रोज पहाटे हेच करीत होत्या. मी ठरवूनही टाकले की, गावाकडचे जुने जाते आणायचे, धुऊन, हळदकुंकू वाहून वर्गाच्या कोपऱ्यात मांडायचे.

माय काही बोलली नाही. रात्री मी तिच्या पायांना तेल लावत होते, तेव्हा म्हणाली,

"जातं आणू नको."

"का गं?"

"त्याची वरची तळी न्हाणीत पायाखाली हाय. राहू दे तिथंच."

थोडा वेळ गप्प राहिली. मग तिने सांगितले, ते मी बासष्ट वर्षांत प्रथमच ऐकले. माझ्याआधी तिला एक मुलगा झाला होता. दिवस भरत आले तरी दळण सुटले नव्हते. त्या दिवशीही पहाटे उठून तिने पायलीभर ज्वारी दळली होती. मूल तीन दिवस जगले. "कशानं गेलं ते देवाला ठावं. जात्यानं गेलं असं मी म्हणत नाही. पर त्याच्या बाराव्या दिवशी मी पुन्यांदा जात्यावर बसले, हे म्हणते. तू त्याला व्यायाम म्हनू नको."

गावात गिरणी आली तेव्हा मी सात वर्षांची होते. तिचा पुकपुक आवाज पहिल्यांदा ऐकून माय दारात उभी राहून रडली होती. आजवर मला वाटे, ती घाबरली होती.

मी तिला ओव्यांबद्दल विचारले. हेमा राईरकर आणि गी पॉयतेव्हँ यांनी खेडोपाडी फिरून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या आहेत. एवढे गाणे ज्या दगडातून निघाले, तो नुसताच वैरी कसा असेल? माय म्हणाली, "गाणं येत होतं, व्हय. मुकाट्यानं फिरवलं असतं तर येड लागलं असतं." मग म्हणाली, "त्यानं मला फिरवलं माय. मी नाही त्याला."

दुसऱ्या दिवशी मी हे सूनबाईला सांगितले. ती हळव्या मनाची पोर. पण बोलली ते बाईच्या धंद्यातले बोलली. म्हणाली, "आई, आजींचा उजवा खांदा डाव्यापेक्षा खाली आहे, पाहिलंत कधी? आणि कणा एका बाजूला पिळलाय." मी कधी पाहिले नव्हते. "त्या एकाच बाजूने फिरल्या. वर्षानुवर्षे. व्यायामात आपण जेवढे फेरे इकडे, तेवढेच तिकडे घेतो. थकलं तर थांबतो. एवढाच फरक."

एवढाच फरक! मी दिवसभर त्यावर विचार करीत बसले. वर्तुळ तेच, कंबर तीच. एकीकडे पीठ पडते आणि बाई झिजते. दुसरीकडे काहीच पडत नाही आणि बाई सैल होते. फेरा उलटा घेण्याची मुभा जिला आहे, तिचाच तो फेरा म्हणायचा.

संध्याकाळी सूनबाईने मायला खाटेच्या कडेला बसवले, पाय जमिनीला टेकवले आणि म्हणाली, "आजी, तुमचं जातं उलटं फिरवा बघू."

"उलटं? उलटं कुनी फिरवतंय का?"

"आता दळण कुठंय?"

मायने मूठ धरली. एकदम जमले नाही. डाव्या बाजूने जाताना ती अडखळली, पहिलीतल्या मुलीसारखी. दोनदा सवयीने पुन्हा सुलटी वळली. सूनबाईचा हात तिच्या पाठीवर होता. हळूहळू एक फेरा झाला. मग दुसरा. तिसऱ्या फेऱ्याला ती थांबली, आमच्याकडे बघून म्हणाली, "हलकं लागायलंय गं." आणि पुन्हा फिरवू लागली.

जाते मी आणले नाही. माझा खांदा अजून पुरता सुटलेला नाही. पण वेणी घालता येते. या दिवाळीला सोऱ्या पुन्हा माझ्या हातात आला आहे. काल भाजणीचे पीठ मळून झाल्यावर मी कागदावर चकल्या पाडत होते, तेव्हा सूनबाई म्हणाली, "आई, सगळ्या एकाच बाजूने वळताय." म्हणून मी काही उलट्या पाडल्या. मायने त्यातलीच एक तळल्यावर उचलली, कुडकन मोडली आणि म्हणाली, "चव तीच हाय."