कातळावरचा हत्ती

चातुर्मासात सड्यावर शेवाळ असते, इवली फुले असतात. म्हणून रत्नागिरीच्या त्या कुटुंबाने कशेळीची वाट कार्तिकी पौर्णिमेनंतर धरली. पावस, पूर्णगड मागे टाकून गाडी थांबवली आणि तांबड्या कातळावरून सारे चालू लागले. चढ असा नव्हताच. आजीही काठीविना चालल्या. जांभा मात्र लवकर तापतो, हे उशिरा उठणाऱ्यांनी ध्यानी ठेवावे.

हत्ती एका नजरेत मावत नाही. सुमारे १८ मीटर लांबीची ती आकृती. कोरलेल्या रेषेच्या कडेने फिरावे तेव्हा सोंड कळते, पाय कळतात आणि पोटात दाटलेले पशू, पक्षी, मासे हळूहळू उमटू लागतात. कोकणातील कातळशिल्पे २०२२ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली.

आजोबांचा जन्म चिऱ्यांच्या व्यापारात गेलेला. नातवाने सहज विचारले, "आजोबा, एवढ्या कातळाचे किती चिरे निघतील?"

हिशेब तोंडपाठ होता. गेल्याच आठवड्यात असाच एक सडा चिरेखाणीसाठी पाहून त्यांनी इसाराची रक्कम ठरवली होती. ते काही बोलले नाहीत. परतताना त्यांनी भागीदाराला फोन लावला, "इसार देऊ नका. आधी त्या सड्यावरून मला एकदा, सकाळच्या तिरप्या उन्हात, चालू द्या."